पाय जड, गोळी बंद : कोल्हापुरातलं एक स्टॅटिन-प्रकरण

रुग्ण बाई ५६ वर्षांच्या. शाहूपुरीत त्यांची खानावळ आहे. पहाटे पाचला शेगडी पेटते आणि रात्री दहाला शेवटचं पातेलं पालथं पडतं. यजमान नाहीत. मुलगा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. सून खानावळीचा हिशोब आणि सासूबाईंच्या औषधांची पिशवी, दोन्ही सांभाळते. बाईंना आठ वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन; बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन; रोज सकाळी मिश्री. धाकट्या भावाला ४८व्या वर्षी हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेली. हे प्रकरण लिहायला त्यांची आणि घरच्यांची संमती आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या माझ्याकडे आल्या त्या शुगरच्या तपासणीसाठी. फाईलमध्ये लिपिड प्रोफाइलचे तीन कागद होते. पहिला एका आरोग्य शिबिरातला: एकूण कोलेस्टेरॉल २५२, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७०. त्यावरून रोजुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी, सुरू झालं होतं. दोन महिन्यांनंतरचा दुसरा कागद: एकूण १६८, एलडीएल ९३. तिसरा ताजा: एकूण २४६, एलडीएल १६५.

रोजुव्हास्टॅटिन दहाने एलडीएल साधारण ४५ टक्क्यांनी उतरतं. १७० वरून ९३ म्हणजे अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा परिणाम. जी गोळी दोन महिने इतकं चोख काम करते, ती पुढं आपोआप निकामी होत नाही. तिसरा आकडा पहिल्याच्या जवळ येऊन थांबला होता, म्हणजे गोळी पोटात जात नव्हती. अशा वेळी नुसता शेवटचा कागद पाहिला तर दहाचे वीस करण्याचा मोह होतो, आणि जी गोळी माणूस घेतच नाही तिचा डोस वाढतो.

"गोळ्या वेळेवर घेता ना?" या प्रश्नाला कोल्हापुरातच काय, कुठंही "हो" हेच उत्तर मिळतं. म्हणून मी विचारलं, "मावशी, कोलेस्टेरॉलची गोळी आठवड्यातून किती वेळा राहते?" सुनेनं मान खाली घातली. मावशी म्हणाल्या, "राहते कसली, मी घेतच न्हाई. चार-पाच महिनं झालं."

मग सगळं बाहेर आलं. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मांड्या भरून यायला लागल्या. जमिनीवर बसलं की उठताना ओट्याचा आधार लागायचा. पोटऱ्यांत रात्री गोळे यायचे. त्यांनी ही तक्रार एकदा सांगितलीही होती. उत्तर मिळालं, "वयाप्रमाणं असतं." त्याच दिवसांत दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला. मेडिकलमध्ये रांगेतल्या एका बाईनं सांगितलं की या गोळीनं पाय गळतात, आणि फोनवर कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत स्टॅटिन म्हणजे कंपन्यांचा डाव असल्याचं ऐकलं. "रिपोर्ट नॉर्मल आला, पाय मात्र दुखत्यात. मग गोळी कशाला?" त्यांचा हिशोब त्यांच्या हातात असलेल्या माहितीवर बरोबरच होता. पुण्याच्या भाचीनं 'नैसर्गिक' म्हणून लाल तांदळाच्या कॅप्सूल पाठवल्या होत्या, त्या अधूनमधून चालू होत्या.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते याच जागेसाठी. एलडीएल तीनदा मोजलं गेलं. पायांचं दुखणं एकदाही मोजलं गेलं नाही. दुखणं कुणी नोंदवलं नाही म्हणून त्यांनी गोळीवरचा निर्णय स्वतःच घेतला, आणि तो कुणाला सांगितला नाही, कारण बोलणी बसतील याची खात्री होती. स्टॅटिन सोडणारे बरेचसे रुग्ण असेच गुपचूप सोडतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना हट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पायांची तपासणी

आठ वर्षांच्या मधुमेहात पाय दुखायला कारणं कमी नसतात. नसांवर परिणाम झालेला असू शकतो, रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो, मेटफॉर्मिनमुळे बी-१२ उतरलेलं असू शकतं, गुडघे झिजलेले असू शकतात. स्टॅटिन हे या यादीतलं एक नाव.

स्टॅटिनच्या स्नायूदुखीला एक ठरावीक ठेवण असते. दोन्ही बाजूंना सारखी, मांड्या-नितंब-पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत ते महिन्यांत सुरू होणारी, आणि गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांत ओसरणारी. मावशींची तक्रार पहिल्या तिन्ही मुद्द्यांवर जुळत होती. चौथ्यावर मात्र अडत होती. "बंद केल्यावर जरा बरं वाटलं. महिन्याभरानं परत तसंच." गोळी बंद होऊन चार-पाच महिने झाले तरी मांड्या जडच होत्या. म्हणजे निदान आज जे दुखत होतं त्याचं सगळं खापर गोळीवर फोडता येत नव्हतं.

तपासताना डाव्या गुडघ्यात कुरकुर होती, जिना उतरताना तिथं वेगळं दुखायचं. पावलांच्या नाड्या चांगल्या लागत होत्या, तळव्यांना स्पर्श कळत होता. खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं तर दोनदा प्रयत्न करावा लागला. घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारली तेव्हा पाऊल झटकन हललं, पण परत सैल पडायला वेळ घेत होतं. नेमकं तेव्हाच सून म्हणाली, "एप्रिलचा उकाडा, समोर शेगडी, आणि आई म्हणत्यात पंखा बंद कर." आवाज बसका झाला होता, बद्धकोष्ठ होतं, वजन वर्षात चार किलोनं वाढलं होतं. बाईंनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, कारण ते कोलेस्टेरॉलशी संबंधित असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

थायरॉइडची रक्ततपासणी केली. टीएसएच १८ आला, बराच वाढलेला. थायरॉइडची ग्रंथी कमी काम करत होती, किती दिवसांपासून ते सांगता येणार नव्हतं, कारण जुन्या कागदांत ही तपासणीच नव्हती.

या एका आकड्यानं प्रकरणाची मांडणी बदलली. थायरॉइड संप्रेरक कमी पडलं की यकृतावरचे एलडीएल उचलून नेणारे रिसेप्टर घटतात आणि रक्तात एलडीएल साचतं. त्याच कमतरतेनं स्नायू जड होतात, दुखतात, गोळे येतात. आणि तिसरी गोष्ट: उपचार न झालेल्या हायपोथायरॉइडमध्ये स्टॅटिनचा स्नायूंना त्रास होण्याचा धोका वाढतो. म्हणजे मूळ कोलेस्टेरॉल वाढण्यात थायरॉइडचा वाटा होता, पाय दुखण्यातही होता, आणि गोळीनं त्या आधीच कमकुवत स्नायूंवर थोडी भर घातली असणं शक्य होतं. 'गोळीमुळेच' म्हणणारे आणि 'गोळीमुळे मुळीच नाही' म्हणणारे, दोघांचंही म्हणणं इथं पुरेसं नव्हतं. स्टॅटिन सुरू करण्याआधी टीएसएच पाहावा ही शिफारस याचसाठी आहे. शिबिरांच्या गर्दीत ती नेमकी सुटते.

स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीके हे एन्झाइमही तपासलं. ४१० आलं; त्या प्रयोगशाळेची बायकांसाठीची वरची मर्यादा १७० होती. आकडा घाबरवणारा वाटला तरी बाईंना आदल्या दोन दिवसांचं काम विचारलं. वर्षाची चटणी करायची होती. मिरच्या, खोबरं, कांदा-लसूण सगळं भाजून डंकावर नेलं होतं, पाट्या उचलल्या होत्या, तासन्‌तास उभ्या होत्या. अशा श्रमानंतर सीके निरोगी माणसाचंही वाढतं. आठवडाभर उचल-टाक बंद ठेवून पुन्हा केलं तेव्हा २९०. थायरॉइडच्या कमतरतेत इतकी वाढ दिसते. स्टॅटिन चालू असताना सीके वरच्या मर्यादेच्या दहापट झालं, किंवा लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी झाली, तर गोळी त्या क्षणी बंद करून रुग्णालय गाठायचं असतं. स्नायू विरघळण्याचा हा प्रकार फार क्वचित होतो, पण खरा आहे. सेरिव्हास्टॅटिन नावाचं याच गटातलं औषध ऑगस्ट २००१ मध्ये त्यापायीच जगभरातून मागे घेतलं गेलं.

बी-१२ ठीक, यकृताचं एसजीपीटी ठीक, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन ठीक.

मुलाचे प्रश्न

पुढच्या भेटीला मुलगा पाळी बदलून आला. त्याच्या फोनमध्ये बरंच वाचलेलं होतं आणि प्रश्न नेमके होते. पहिला: "मटण-रस्सा बंद केला तर गोळी लागणार नाही ना?" खानावळीत तांबडा-पांढरा रोज होतो. मावशींनी मात्र गेल्या दिवाळीपासून मटण सोडलं होतं, पांढऱ्या रश्श्याची चवसुद्धा सुनेकडून घेत होत्या. तरी एलडीएल १६५. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं, आणि खाण्यातल्या बदलानं एलडीएल सर्वसाधारणपणे दहा-पंधरा टक्के उतरतं. ते दहा-पंधरा टक्के मोलाचे आहेत, नारळाचं दूध, सायीचं दूध आणि तर्री कमी केलीच पाहिजे. पण मधुमेह, बीपी, तंबाखू आणि भावाचा ४८व्या वर्षीचा अटॅक एकत्र असलेल्या बाईला तेवढ्यावर सोडता येत नाही. त्यातून आपण दक्षिण आशियाई. हृदयविकार आपल्याला पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो.

दुसरा प्रश्न लाल तांदळाच्या कॅप्सूलचा. लाल यीस्ट लावलेल्या तांदळात मोनॅकोलिन के असतं, आणि मोनॅकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच, १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं स्टॅटिन. बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये ते किती आहे याचा मात्र भरवसा नसतो. बाईंना स्टॅटिन सोडल्याचं समाधान होतं आणि अधूनमधून त्या न मोजलेलं स्टॅटिन घेत होत्या. मुळात हे औषध सापडलंच बुरशीत: अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञानं सांक्यो कंपनीत हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीत पहिला स्टॅटिन रेणू शोधला. हे ऐकून मुलगा जरा थांबला. 'केमिकल' विरुद्ध 'नैसर्गिक' अशी जी लढाई त्याला व्हिडिओत दिसली होती, ती या औषधाबाबत लढताच येत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्यानं सॅमसन चाचणीबद्दल वाचलं होतं. "म्हणजे आईचं दुखणं मनाचं, असंच ना?"

ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर आलटून-पालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच न देता ठेवलं. त्रासाची सरासरी गुणसंख्या गोळी नसताना ८, बिनऔषधी गोळीवर १५.४, स्टॅटिनवर १६.३. म्हणजे त्रास गोळी घेण्यानं होत होता, पण बहुतांशी गोळीतल्या औषधानं नव्हे. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणाचा निष्कर्षही त्याच दिशेचा: स्टॅटिन घेणाऱ्या हजार जणांमागे पहिल्या वर्षात साधारण ११ जणांनाच औषधामुळे जादा स्नायूदुखी होते, तीही बहुतेकदा सौम्य.

हे आकडे रुग्णाला गप्प करण्यासाठी वापरले की मला फार वाईट वाटतं. सॅमसनमधल्या माणसांना होणारा त्रास खराच होता, त्यांनी तो रोज नोंदवला होता. आणि हजारातले ११ जण आपल्या समोर बसलेले नाहीत हे तपासल्याशिवाय कळत नाही. मुलाला मी एवढंच सांगितलं की आईचं दुखणं खरं आहे, त्याला टीएसएच १८ हे सापडलेलं कारण आहे, आणि गोळीचा वाटा किती हे आता आपण तिच्यावरच मोजणार आहोत.

मोजणी

आधी फक्त थायरॉइड. लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. पहाटे उठल्या उठल्या चहा ही खानावळीतली सवय मोडणं गोळीपेक्षा अवघड गेलं. सुनेनं तोडगा काढला: डोळे उघडताच उशाची गोळी, मग आंघोळ, मग चहा. स्टॅटिन मुद्दाम सुरू केलं नाही. लाल तांदूळही बंद. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज झोपताना शून्य ते दहापैकी एक आकडा लिहायचा, मांड्यांचा. गुडघ्याचा वेगळा, खाली छोट्या अक्षरांत.

डोस एकदा वाढवून टीएसएच ३.८ पर्यंत आला तेव्हा मांड्यांचे आकडे सहा-सातवरून एक-दोनवर उतरले होते, सीके १४० होतं आणि मावशी हात न टेकता खुर्चीवरून उठल्या. गुडघ्याचा आकडा जागचा हलला नव्हता. तो गुडघ्याचाच आजार होता, त्याला व्यायाम दिले. एलडीएल स्टॅटिनशिवाय १६५ वरून १४६ झालं. यात थायरॉइडचा वाटा स्पष्ट दिसतो, आणि उरलेलं काम त्यानं होणार नाही हेही.

आता रोजुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम. आशियाई लोकांच्या रक्तात या औषधाची पातळी गोऱ्या लोकांच्या जवळपास दुप्पट जाते, म्हणून अमेरिकेच्या औषधपत्रकातही आशियाईंना पाचपासूनच सुरुवात सांगितली आहे. मावशींना मी आधीच सांगून ठेवलं की आकडा चारच्या वर सलग आठवडाभर राहिला तर गोळी थांबवायची आणि मला फोन करायचा. बंद करायची मुभा दिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. पहिल्या आठवड्यात तीन-चार आकडे आले. दुसऱ्यात दोन. पुढं एक-दोनच राहिले, गोळी नसतानाच्या दिवसांसारखेच.

सहा आठवड्यांनी एलडीएल ८८. लक्ष्य ७० च्या खालचं ठरवलं होतं. बीपी, मिश्री आणि भावाचा आजार धरून काही तज्ज्ञ ५५ पर्यंत जायला सांगतील. पाचचे दहा करता आले असते, पण स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्यावर एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं. ज्या मांड्यांनी मोठ्या मुश्किलीनं भरवसा ठेवला होता त्यांच्यावर एवढ्याशा फायद्यासाठी ओझं टाकावंसं वाटलं नाही. एझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडलं. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवतं आणि साधारण वीस टक्के घट देतं. पुढच्या तपासणीत एलडीएल ६९. स्टॅटिननं साखर थोडी वाढू शकते म्हणून एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) पाहिलं, ७.४ चं ७.५ झालं होतं. त्यासाठी काही बदलावं लागलं नाही.

मिश्री दोन वेळांवर आली होती म्हणे, मूळ एकच वेळ सांगितली होती. म्हणजे आधीचा आकडाही पूर्ण खरा नव्हता. ते काम चालू आहे.

गडहिंग्लजचा भाऊ

रिपोर्ट ६९ चा ऐकून मावशींनी जे सांगितलं त्यानं मला घाम फुटला. "भावालाबी मीच सांगितलं हुतं, ती गोळी बंद कर म्हणून. त्याचंबी पाय दुखत हुतं." भाऊ ५२ वर्षांचा, हृदयात स्टेंट. अ‍ॅस्पिरिन चालू होती, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० पाच-सहा महिने बंद.

बहिणीला अजून झटका आलेला नव्हता. तिच्या बाबतीत थायरॉइड सावरेपर्यंत गोळी थांबवणं परवडणारं होतं. भावाचं तसं नाही. ज्यांना हृदयविकार झालेला आहे अशा ४,४४४ जणांवरची स्कॅन्डिनेव्हियातली चाचणी १९९४ साली आली, त्यात साडेपाच वर्षांच्या आसपासच्या काळात बिनऔषधी गोळीवरच्या १२ टक्के लोकांचा मृत्यू झाला, सिम्व्हास्टॅटिनवरच्या ८ टक्क्यांचा.

मावशींनी माझ्यासमोरच फोन लावला. "आरं, माझं थायरॉइडचं निघालं. तू गोळी चालू कर." मी फोन मागून घेतला आणि त्यांना इतकंच सांगितलं, "तुमचं बहिणीसारखंच असेल असं नाही. उद्याच तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटा, गोळी बंद होती हे खरं सांगा, पाय दुखतात हेही सांगा, आणि टीएसएच-सीके करून घ्या."

ते हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. टीएसएच नॉर्मल, सीके नॉर्मल, एलडीएल १४८. पायदुखी चालताना एकाच पोटरीत होती आणि थांबलं की जात होती, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर केला. उजव्या मांडीतली धमनी अरुंद झालेली निघाली. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं. सहा आठवड्यांनी एलडीएल ७४ आल्यावर एझेटिमाइब जोडलं, लक्ष्य ५५ च्या खाली. चालण्याचा रोजचा व्यायाम लावून दिला आहे, पोटरी भरून येईपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. ते आता त्यांच्या कॅलेंडरवर दुखण्याचा आकडा नाही, न थांबता किती चाललं ते लिहितात.